विदरकोटचा एकच टोला

विदरकोट,
५ ऑक्टोबर १९९७

चि. अँब्रोज यास,

हेस्टरचे अनेक आशीर्वाद. वि. वि. हे की, इथे माझ्या अंगाचा तिळपापड झाला आहे, आणि फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही, म्हणून लिहायला बसले. चष्मा शोध आणि मग वाच.

काल दुपारी आमच्या चर्चच्या नव्या पाद्रीची, व्हिकरची, स्थापना झाली. रेव्हरंड फिलिपा ड्यूसबरी. बाई आहे म्हणून गावात कोणी चकार शब्द काढला नाही. ते भांडण आम्ही तीन वर्षांपूर्वीच भांडून संपवलं. बिशप आले होते, त्यांच्या हाताखालचे आर्चडीकन आले होते. इमारतीची निगा माझ्याकडे, तेव्हा मी चर्चवॉर्डनची काठी हातात धरून पुढे चालले आणि गुडघा एकदाही कुरकुरला नाही. सगळं नीट पार पडलं. मग आर्चडीकननी व्हिकरबाईंचा हात धरून दरवाजाच्या किल्लीवर ठेवला आणि मनोऱ्याखाली दोराशी नेलं. आयव्हर मेरेडिथ तिथे उभाच होता. चाळीस वर्षं घंटा त्याच्याच ताब्यात आहे. अख्खं गाव बाकावर श्वास रोखून बसलं होतं, कारण नवा व्हिकर जितके टोले देतो तितकी वर्षं राहतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आधीच्यांनी अकरा दिले आणि अकराव्या वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या आधीच्यांनी एकोणीस दिले आणि एकोणिसाव्या वर्षी आपल्याच आवारात पुरले गेले.

या बाईंनी किती दिले असतील? एक.

एक, अँब्रोज! थोरल्या घंटेचा एक मरतुकडा टोला, जणू कोणी चुकून धक्का दिला. आम्ही दुसऱ्याची वाट पाहत बसलो. पोस्टातल्या मेबलने तर बोट दुमडून तयार ठेवलं होतं. बाईंनी दोर आयव्हरच्या हातात दिला, झगा सारखा केला आणि हसत हसत परत आल्या. नंतर चहाच्या वेळी माझ्या हातचे अंड्याचे सँडविच चार खाल्ले. चार! वर्षाला एक धरलं तरी तीन जास्त झाले.

तू म्हणशील की म्हातारी चळली. पण आर्चडीकन वसंतात काय बोलून गेले ते तुला लिहिलं होतं. सहा गावं, सहा चर्चं आणि व्हिकर एकच. तेव्हा एका चर्चला कुलूप लावून वर्षातून फक्त नाताळाला उघडायचं. आणि पहिली पाळी कुणाची, तर ज्याची इमारत आधी खचेल त्याची. यादीत आमचं नाव वरती आहे, कारण आमचं छप्पर ओलं आणि आमची माणसं बावीस. या वेळी आम्हाला पाय रोवून उभा राहणारा माणूस हवा होता. मिळाली ही एका वर्षाची पाहुणी. माझा बाप्तिस्मा त्या कुंडात झाला, माझा हॅरल्ड त्या कुंपणाखाली निजला आहे. त्याच्या शेजारची जागा माझी आहे. कुलूप लावलेल्या चर्चच्या आवारात मला कोण नेऊन ठेवणार?

मी आर्चडीकनना पत्र लिहिणार आहे. मसुदा झाला आहे, तीन पानं.

तुझ्या त्या निवासात अजून पातळ पेज देतात का? मनुक्यांचा मुरंबा पाठवते. इथे सगळं कुशल, मी सोडून.

तुझी संतापलेली बहीण,
हेस्टर


निवृत्त धर्मगुरू निवास, दक्षिण किनारा,
९ ऑक्टोबर १९९७

ती. हेस्टरताईस,

अँब्रोजचा सा. न. वि. वि. पत्र पोचलं. वाचताना कागद गरम लागत होता. मुरंब्याबद्दल आधीच आभार मानून ठेवतो. पेज पातळच आहे आणि आता तिच्यात गाठीही असतात.

ताई, मसुदा उशीखाली ठेव आणि आठवडाभर त्यावर झोप. टोल्यांची ही समजूत प्रार्थनेच्या पुस्तकात कुठेही नाही. घंटा वाजवायची ती फक्त गावाला कळावं म्हणून, की माणूस आला. आणि टोल्यांवर विश्वास ठेवायचा तर माझ्याइतका खोटारडा पाद्री देशात दुसरा नाही. उत्तरेतल्या माझ्या पहिल्या गावात मी बावीस दिले होते. तू आगगाडीने आली होतीस, निळी टोपी घालून, आणि अभिमानाने मोजत होतीस. चार वर्षांत मी मोठ्या शहरातलं चर्च मिळतंय म्हणून निघालो. बावीस मी ठरवून दिलेच नव्हते. दोर ओढत राहिलो, थांबायचं कुठे ते कळेना. निघायच्या दिवशी एक म्हातारी फाटकाशी उभी होती. मी हात पुढे केला तर तिने तो घेतला नाही. अजून अठरा राहिले, एवढंच म्हणाली आणि घरात गेली. तिचं बरोबर होतं. त्या गावाला मी फसवलं, आणि ते मला अजून बोचतं. आज पहिल्यांदा तुला सांगतो आहे.

म्हणून म्हणतो, एक देणारी बाई निदान खोटं तरी बोलली नाही. आणि एक विचारू? त्या वेळी आयव्हर दोराशी होता म्हणतेस. त्याचा चेहरा कसा होता? पाद्री काय करतो हे घंटेवाल्याला सगळ्यांच्या आधी कळतं. त्याला विचारल्याशिवाय पत्र टाकू नकोस.

माझ्या गुडघ्यांनी संप केला आहे, बाकी ठीक.

तुझ्या रागालाही अजून घाबरणारा,
अँब्रोज


विदरकोट,
१४ ऑक्टोबर १९९७

चि. अँब्रोज यास,

आशीर्वाद आहेतच, पण आज जरा हात आखडून. वि. वि. हे की, तुझं पत्र मिळण्याआधीच माझं पत्र पेटीत पडलं होतं. उशीखाली ठेवायला ते काय दातांची कवळी आहे?

त्या म्हातारीबद्दल वाचून वाईट वाटलं. तेव्हा सांगितलं असतंस तर मी तिला चार शब्द सुनावून आले असते. पण तूच लिहितोस की तिचं बरोबर होतं. मग माझंही बरोबर आहे.

आता या बाईंचे पुढचे प्रताप ऐक. पहिल्या रविवारी प्रवचन सात मिनिटं. मी घड्याळ लावून बसले होते. सुगीच्या प्रार्थनेला शेतातल्या चिखलाचे बूट तसेच घालून वेदीपाशी गेल्या. बुधवारी माझ्या दारात येऊन मनोऱ्याची किल्ली मागितली. कशाला हवी म्हणून विचारलं तर म्हणाल्या, जरा वर जाऊन पाहायचं आहे. मी किल्ली दिली, आत या म्हटलं नाही. चहाचं तर नावच काढलं नाही. पाऊस पडत होता, तो मी पाडला नव्हता.

तेव्हापासून दोनदा पाहिलं, त्या आणि आयव्हर दोघं तासन्‌तास मनोऱ्यात. खाली येतात ते धुळीने माखून, कबुतरांच्या विष्ठेसकट. आणि आयव्हर! ज्याला दर शुक्रवारी चाळीस वर्षं मी सफरचंदाचा केक पाठवत आले, तो रस्त्यात मला पाहून पलीकडे वळतो. काय रे, असं विचारलं तर मिठाची गुळणी धरली त्याने. एका आठवड्यात फितवला त्याला. तू त्याचा चेहरा विचारतोस. चेहरा टोपीखाली आहे, मला दिसत नाही.

पण आर्चडीकनांचं उत्तर आलं. किती सभ्य माणूस! लिहितात की माझी तक्रार त्यांनी अतिशय गांभीर्याने घेतली आहे, आणि बुधवारी, २९ तारखेला, ते स्वतः येतील. सोबत इमारतीचे वास्तुतज्ज्ञही असतील आणि मनोरा व त्यातील सामानाची पाहणी होईल. पाहिलंस? अख्खा आर्चडीकन माझ्या एका पत्रावर उठून येतो आहे. त्यांच्यासमोर या बाईंना विचारलं जाईल, आणि हवं तर नीट टोले द्यायला लावले जातील. हॅरल्ड असता तर म्हणाला असता, शाबास.

मुरंबा पोचला का?

तुझीच, न झोपलेली,
हेस्टर


निवृत्त धर्मगुरू निवास,
१७ ऑक्टोबर १९९७

ती. हेस्टरताईस,

सा. न. वि. वि. घाईत लिहितो, डाकेची वेळ झाली आहे.

ताई, टोले मोजायला कोणी वास्तुतज्ज्ञ आणत नाही. मी तीस वर्षं आर्चडीकन पाहिले आहेत. तू त्यांना विचारलंस की टोला एकच का पडला, आणि त्यांनी ऐकलं की विदरकोटच्या मनोऱ्यात काहीतरी बिघडलं आहे. तूच लिहिलं होतंस की ज्याची इमारत आधी खचेल त्याला आधी कुलूप. आता तूच त्यांच्या हाती किल्ली दिलीस की काय, याची मला भीती वाटते.

आजच्या आज आयव्हरला गाठ. रागावू नकोस, केक घेऊन जा. दार उघडलं नाही तर केक पायरीवर ठेव आणि चिठ्ठी ठेव. त्याला एकच विचार, दुसऱ्या टोल्याला काय झालं असतं?

मुरंबा संपला. यात माझा दोष नाही.

अँब्रोज


विदरकोट,
२१ ऑक्टोबर

श्रीमती हेस्टर ग्विलियम यांस,

आयव्हर मेरेडिथचा स. न. वि. वि. हे पत्र दाराखालून सरकवतो आहे. समोरासमोर मला बोलता यायचं नाही, तुम्ही मध्येच बोलता. केक मिळाला. तुमची चिठ्ठीही मिळाली.

दुसऱ्या टोल्याला थोरली खाली आली असती. खाली बिशप उभे होते.

स्थापनेच्या दिवशी सकाळी तेल घालायला वर गेलो तर दिसलं. घंटा जिला टांगलेली आहे त्या ओकच्या तुळईला चीर गेली आहे, माझं बोट आत जाईल एवढी. हे कोणाला सांगू? आर्चडीकनांना सांगितलं असतं तर त्यांनी तिथेच चर्च बंद केलं असतं. तुम्हाला सांगायचं म्हणून निघालो, फाटकापर्यंत आलो आणि परत फिरलो. चर्चवॉर्डन म्हणून दर वर्षी तुम्ही सही करता की सगळं ठाकठीक आहे. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी खरं ते लिहून कळवलं असतंत. हेस्टरबाई, तुम्हाला खोटं बोलता येत नाही, हे लहानपणापासून पाहतो आहे. शाळेत माझं नाव तुम्हीच सांगितलं होतंत.

म्हणून व्हिकरबाईंना सांगितलं, दोराशी, कानात. म्हटलं, एकच, आणि तोही हलक्या हाताने. त्यांना सगळी समजूत माहीत होती, गाव काय समजेल तेही माहीत होतं. त्यांनी फक्त विचारलं, एकाने नक्की काही होणार नाही ना? मी म्हटलं, नाही. मग त्यांनी एक दिला आणि हसत गेल्या. नंतर मला म्हणाल्या, आर्चडीकनांना सांगायचं आहेच, लपवायचं नाही, पण रोग आणि औषध एकदम सांगू. त्यासाठीच आम्ही वर जात होतो. तोवर तुमच्याशी बोलायचं नाही असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. ते मीच ठरवलं. माझ्या तोंडून निसटलं असतं.

तुमचं पत्र आर्चडीकनांकडे गेल्याचं बाईंना कळलं आहे. त्या दुरुस्तीच्या परवानगीचा अर्ज लिहायला बसल्या. मला मात्र म्हणायचं आहे की तुम्ही साप साप म्हणून भुई धोपटली आहे.

केकमध्ये दालचिनी कमी होती.

आपला,
आयव्हर मेरेडिथ


विदरकोट,
५ नोव्हेंबर १९९७

चि. अँब्रोज यास,

अनेक आशीर्वाद, आणि त्यात एक जास्तीचा, कारण तुझं खरं निघालं. वि. वि. हे की, आयव्हरचं पत्र सोबत जोडलं आहे, आधी ते वाच. दालचिनीचं मनावर घेऊ नकोस, तो तसाच आहे.

मी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता. माझ्या नाही, चर्चच्या. ते पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. लाज वाटली. पण माझा स्वभाव तुला माहीत आहे, लाजेने मी आणखी भडकते. तशीच कोट चढवून व्हिकरच्या घरी गेले आणि त्यांनाच झाडलं. सतरा दिवस मी गावभर तुमच्या नावाने खडे फोडते आहे, तुम्हाला भर पावसात दारात उभं ठेवलं, आणि तुम्ही गप्प? एका शब्दाने सांगायला काय झालं होतं? त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या की, हेस्टरबाई, तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, तुम्ही प्रत्येक वेळी सांगत होतात. शिवाय तुम्हाला सांगणं म्हणजे तुम्हाला खोट्या सहीच्या पेचात टाकणं होतं. मी कोट काढला आणि विचारलं, आता काय करायचं? विचारलं, हे लक्षात घे.

मग आम्ही तिघं आठ दिवस कामाला लागलो. आयव्हरच्या आजोबांचा सफरचंद पिळायच्या जुन्या दाबयंत्राचा सांगाडा त्याच्या कोठारात पडून होता. त्याची ओकची तुळई शंभर वर्षं वाळलेली, दगडासारखी. घंटा टांगणाऱ्या कारागिराला बोलावलं. त्याने ती ठोकून पाहिली आणि म्हणाला की असं लाकूड आता मिळत नाही. व्हिकरबाईंनी दुरुस्तीच्या परवानगीचा अर्ज आधीच लिहून ठेवला होता. फक्त वॉर्डनची सही राहिली होती. ती माझीच, जिला कोणी विचारत नव्हतं.

२९ तारखेला आर्चडीकन आले. वास्तुतज्ज्ञ वर चढला आणि अर्ध्या तासाने डोक्यावर पिसं घेऊन खाली आला. चीर गंभीर आहे, घंटेला हात लावायचा नाही, म्हणाला. आर्चडीकन माझ्याकडे वळले आणि अत्यंत हळुवारपणे म्हणाले की, हे दुःखद आहे, पण माझ्या जागरूकतेबद्दल ते आभारी आहेत, आणि आता विदरकोटबद्दलचा निर्णय सोपा झाला. माझे आभार! अँब्रोज, माझ्या कानशिलात मारली असती तरी मला इतकं लागलं नसतं. मी पत्रात टोल्यांबद्दल विचारलं होतं, त्या तीन पानांतल्या एकाही ओळीला उत्तर नाही. आणि माझ्याच पत्राची पायरी करून हा माणूस आमच्या दाराला कुलूप लावायला चढतो आहे!

मी तोंड उघडणार इतक्यात व्हिकरबाईंनी पिशवीतून कागद काढले. अर्ज, कारागिराचं पत्र, तुळईचं रेखाटन. मी बाप्तिस्म्याच्या कुंडाच्या झाकणावर कागद ठेवून तिथल्या तिथे सही ठोकली. आणि म्हटलं की, महाराज, वॉर्डन म्हणून मीच कळवते आहे, तुळई मोडली आहे. वॉर्डन म्हणून मीच कळवते आहे, दुसरी तयार आहे. मोडलेलं चर्च बंद करायचं ठरलं होतं, दुरुस्त होणारं नव्हे. आयव्हर मागे उभा होता. त्याने टोपी काढली. वास्तुतज्ज्ञाने कारागिराचं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला की यात खोट काढता येत नाही. आर्चडीकनांनी सहीचा कागद उचलून त्याची घडी घातली. शेवटी म्हणाले की, ठीक आहे, घंटा बसेपर्यंत प्रार्थना चालू राहू देत, मग पुन्हा पाहू. ते पुन्हा पाहतील, मला ठाऊक आहे. पाहू देत. मीही इथेच आहे.

रविवारी सूचना वाचायची पाळी माझी होती. फुलांची पाळी सांगितली, चहाची सांगितली, आणि मग सगळ्यांसमोर सांगितलं की तो एक टोला आपल्यासाठी होता, आणि ती तक्रार माझी होती, आणि ती चूक होती. मेबल रडली, पण ती बिस्किट संपलं तरी रडते.

आता कालची गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसले.

काल सकाळी दहाला किटली चढवली होती. दारावर टकटक झाली. मी येते म्हणून ओरडले आणि हात पुसू लागले. पुन्हा टकटक. मग पुन्हा. सावकाश, एकसारखी, मध्ये श्वास घेण्याइतकं थांबून. चौथ्याला माझ्या लक्षात आलं. मी दाराशी गेले आणि कडीवर हात ठेवून उभी राहिले. काचेतून व्हिकरबाईंचे चिखलाचे बूट दिसत होते. सात झाले. आठ. किटली शिट्टी मारायला लागली, मी जागची हलले नाही. अकरा, बारा. आधीच्यांचे अकरा मागे पडले तेव्हा माझे डोळे भरून आले, कबूल करते. तेरा. चौदा. पंधरा.

मग थांबल्या. त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या आहेत, मी मनात हिशेब केला. मी चौऱ्याहत्तर. कुंपणाखाली हॅरल्डच्या शेजारी मला कोण नेऊन ठेवणार, ते आता मला माहीत आहे.

सोळावा पडतो का म्हणून मी आणखी थोडी थांबले. पडला नाही. मोजूनच दिले होते, तुझ्यासारखे नव्हेत. तेव्हा कुठे कडी काढली आणि म्हटलं, आत या, चहा झाला आहे.

मुरंब्याच्या दोन बाटल्या पाठवते आहे. आणि ऐक, त्या उत्तरेच्या गावाला एक पत्र टाक. ती म्हातारी नसेल, पण तिच्या फाटकाशी कोणीतरी असेल.

लोभ असू दे, पण मोजून नको.

तुझी बहीण,
हेस्टर